पार्सलची वही वेगळी

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि महाराष्ट्रातल्या हॉटेलांची टेबले एका रात्रीत रिकामी झाली. ५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या क्षमतेने बसवण्याची परवानगी मिळेपर्यंत पार्सल आणि घरपोच सेवा एवढाच रस्ता हॉटेलवाल्यांना मोकळा होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा तीच वेळ आणली. ज्या खानावळींनी, उडुपी हॉटेलांनी आणि मिसळीच्या दुकानांनी तोवर मोबाइलवरच्या ॲपकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, त्यांनीही त्या काळात आपली नावे तिथे नोंदवली. तेव्हाचा हिशेब साधा होता. जागेचे भाडे, आचाऱ्याचा पगार, कर्जाचा हप्ता यांतले काहीच चुकत नव्हते आणि टेबलावरून एक रुपयाही येत नव्हता. कमिशन, डबे, सवलत सगळे वजा जाऊन हाती जे पडेल ते शून्यापेक्षा जास्तच होते. त्या परिस्थितीत तो विचार अगदी बरोबर होता. पुढे टेबले उघडली, गिऱ्हाईक परतले आणि हिशेबाचा पायाच बदलला. विचार करण्याची सवय मात्र अनेकांच्या गल्ल्यावर तशीच राहिली. पार्सल म्हणजे वरकमाई, जेवढे जाईल तेवढे चांगले, ही समजूत आजही घट्ट आहे. माझे म्हणणे असे की घरपोच सेवा ही त्याच भटारखान्यातून चालणारा दुसरा धंदा आहे. त्याचे पदार्थ, दर, वेळा आणि वही वेगळी ठेवली तर तो पहिल्या धंद्याला आधार देतो. सगळे एकाच वहीत मिसळले तर विक्री वाढत जाते, नफा घटत जातो आणि तो कुठे गेला हे मालकाला महिनोन्महिने कळत नाही.

हे पटवायला एका ऑर्डरचा हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत. कर सोडून ३०० रुपयांचे जेवण टेबलावर गेले आणि त्यातला कच्चा माल १०० रुपयांचा असला, तर २०० रुपये भाडे, पगार, वीज, गॅस आणि नफा यांच्यासाठी उरतात. तेच जेवण ॲपवरून गेले तर काय होते पाहा. सवलतीतला हॉटेलचा वाटा ४० रुपये धरला, म्हणजे उरले २६०. त्यावर २२ टक्के कमिशन म्हणजे ५७ रुपये. या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १० रुपये. डबे, पिशवी, चमचा, टिश्यू मिळून १८ रुपये. कच्चा माल पूर्वीइतकाच, १००. उरले ७५. ॲपच्या यादीत वर दिसावे म्हणून जाहिरातीला १३ रुपये दिले तर हाती राहिले ६२. टेबलावर २०० आणि पार्सलमध्ये ६२, असा हा फरक आहे. यातला १८ टक्क्यांचा जीएसटी बऱ्याच मालकांच्या नजरेतून सुटतो. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटना ५ टक्के दर लागू झाला, पण त्याबरोबर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. त्यामुळे कमिशनवरचा कर परत मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून विकलेल्या जेवणावरचा ५ टक्के जीएसटी ॲपची कंपनीच सरकारकडे भरते. यामुळे कागदपत्रांचे काम थोडे हलके झाले, पण कमिशनवरच्या कराचा बोजा जागच्या जागी आहे. दर आठवड्याला बँकेत जमा होणारी रक्कम पाहून हे काहीच उमगत नाही, कारण ती सगळ्या कपाती होऊन आलेली एकत्र रक्कम असते. ॲपकडून मिळणारे विवरण ऑर्डरनिहाय उघडून वाचणे हे या दुसऱ्या धंद्याचे पहिले काम आहे.

यावर लगेच येणारा आक्षेप वजनदार आहे. भाडे तर भरायचेच आहे, आचारी पगारावर आहेच, मग ६२ रुपये का सोडायचे? हा युक्तिवाद खरा आहे, पण एका मर्यादेपर्यंत. दुपारी चार वाजता तवा थंड असेल, आचारी मोकळा बसलेला असेल, तर ती ऑर्डर घेतलीच पाहिजे. तिच्यातले ६२ रुपये पूर्णपणे जास्तीचे आहेत. रविवारी रात्री साडेआठला मात्र चित्र वेगळे असते. बाहेर कुटुंबे नाव लिहून थांबलेली, आत सगळ्या शेगड्या पेटलेल्या, आणि काउंटरवरच्या टॅबलेटवर एकामागून एक ऑर्डरी पडत असतात. डोशाच्या तव्यावर एका वेळी मावतात तेवढेच डोसे होतात, कढईतला घाणा काढायला लागतो तेवढा वेळ लागतोच. अशा वेळी पार्सलचा डोसा टेबलाच्या डोशाची जागा घेतो. टेबलावरचे जेवण चाळीस मिनिटे रखडले आणि एक गिऱ्हाईक उठून शेजारच्या हॉटेलात गेले, तर गेलेल्या २०० रुपयांची भरपाई व्हायला वर धरलेल्या हिशेबाने तीन पार्सलेही पुरत नाहीत, चौथे लागते. म्हणजे तीच ऑर्डर दुपारी फायद्याची आणि रात्री तोट्याची असू शकते. टाळेबंदीत हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण टेबलच नव्हते. आता भटारखान्याची ताकद हीच हॉटेलची सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे आणि ती कोणत्या तासाला कोणाला द्यायची हे मालकाने ठरवायचे आहे. गर्दीच्या दोन तासांत ॲपवर फक्त चार-पाच पटकन भरता येणारे पदार्थ चालू ठेवणे, डोसा-उत्तप्प्यासारखे तव्यावरचे पदार्थ तेवढ्यापुरते बंद करणे, फारच ताण आला तर अर्धा तास ऑर्डर घेणे थांबवणे, हे सगळे करता येते. गिऱ्हाइकाला पन्नास मिनिटे ताटकळत ठेवण्यापेक्षा आधीच नाही सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

आता कमिशनकडे वळू, कारण हॉटेलवाल्यांचा सगळ्यात मोठा राग त्यावर आहे. राग समजण्यासारखा असला तरी कमिशन कशाचे मोल आहे हे आधी पाहायला हवे. एक माणूस मोटारसायकल घेऊन हॉटेलात येतो, थांबतो, तीन-चार किलोमीटर जातो, इमारत शोधतो, लिफ्टने वर जातो, डबा देतो आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. त्याचे मोल गिऱ्हाइकाने दिलेल्या डिलिव्हरी शुल्कातून पूर्ण निघत नाही. उरलेला भार कमिशनमधून जातो. स्वतःचा माणूस ठेवला तर हा खर्च नाहीसा होत नाही, फक्त वहीतले खाते बदलते. पगार, पेट्रोल, गाडीची देखभाल आणि विमा मिळून एका माणसाचे महिन्याला २१,००० रुपये धरा. महिन्याचे २६ दिवस, दिवसाला १२ ऑर्डरी, म्हणजे ३१२ फेऱ्या. एका फेरीचे ६७ रुपये पडतात, आणि वरच्या उदाहरणात कमिशन अधिक त्यावरचा कर मिळून तेवढेच झाले होते. दिवसाला २५ ऑर्डरी झाल्या तर तोच खर्च ३२ रुपयांवर येतो. ॲप महाग की आपला माणूस, याचे उत्तर असे ऑर्डरींच्या दाटीवर ठरते. जवळच्या जवळ, ठरलेल्या वेळेत, भरपूर ऑर्डरी असतील तरच आपला माणूस परवडतो. चार दिशांना विखुरलेल्या आठ-दहा ऑर्डरींसाठी तो परवडत नाही.

दाटीचे हे गणित मुंबईला परके नाही. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेली डब्यांची वाहतूक सव्वाशे वर्षांहून अधिक काळ स्वस्तात चालली, त्यामागे कष्टांइतकीच रचना आहे. डबा रोज त्याच घरातून निघतो, त्याच कचेरीत जातो, वेळ ठरलेली असते. परिसरातले डबे स्टेशनवर एकत्र येतात, झाकणावरच्या खुणांवरून वेगळे केले जातात आणि लोकल गाडीतून एका खेपेत कित्येक डबे पुढे जातात. एका डब्यामागे पडणारा प्रवासाचा खर्च त्यामुळे नगण्य होतो. ॲपवरची ऑर्डर याच्या अगदी उलट आहे. कोण, कधी, कुठून, काय मागवणार हे आधी माहीत नसते आणि प्रत्येक पिशवीसाठी एक स्वतंत्र प्रवास होतो. म्हणून ती महाग असणारच. कोणतीही कंपनी आली तरी तो खर्च कुणाला तरी सोसावाच लागेल. यातून हॉटेलमालकाला उपयोगी धडा मिळतो. स्वतःची घरपोच सेवा उभी करायची असेल तर ॲपची नक्कल करू नये. जिथे दाटी आहे तिथे जावे. जवळच्या कचेरीतले वीस जण अकरा वाजेपर्यंत दुपारचे जेवण सांगून ठेवतात, एखाद्या सोसायटीचा गट रविवारच्या नाश्त्याची मागणी शनिवारी रात्री देतो, वसतिगृहातली मुले महिन्याचे पैसे आधी भरतात. अशा ऑर्डरी एका फेरीत जातात, कच्चा माल मोजून आणता येतो, वायाही काही जात नाही. लहान गावात, जिथे ॲपचे जाळे विरळ आहे तिथे, हीच वाट जास्त भरवशाची आहे.

पैशाच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा हिशेब खुद्द पदार्थाचा आहे. टेबलापर्यंतचे अंतर वीस पावलांचे असते आणि घरापर्यंतचे तीस मिनिटांचे. या तीस मिनिटांत पदार्थात काय घडते हे ठाऊक नसेल तर उत्तम आचाऱ्याच्या हातचे जेवणही दारात पोचताना पडलेले असते. बटाटेवड्याचे पाहा. तेलात पडताच पिठाच्या थरातले पाणी उकळून बाहेर निघून जाते आणि तो थर कोरडा, कुरकुरीत होतो. आतला बटाटा मात्र ओलाच राहतो. कढईतून काढल्यावर ती आतली ओल हळूहळू बाहेर सरकू लागते. वडा ताटात उघडा असेल तर ती पृष्ठभागावरून हवेत उडून जाते आणि कुरकुरीतपणा बराच वेळ टिकतो. गरम वडा लगेच झाकणबंद डब्यात ठेवला की वाफ झाकणाला आपटून थंडावते, तिचे थेंब होऊन वड्यावर पडतात आणि साल चामट होते. म्हणून वडा जाळीवर दोन-तीन मिनिटे वाफ सोडू द्यावा, एकावर एक रचू नये, भोके असलेल्या कागदी डब्यात किंवा कागदी पिशवीत द्यावा आणि चटणी निराळी बांधावी. टम्म फुगलेल्या पुरीच्या पोटात वाफच असते. ती थंड झाली की पुरी बसते, तिला कुठलाच डबा वाचवू शकत नाही. रवा लावून तळलेली सुरमई किंवा बोंबील याच वाटेने जातात. मिसळ मात्र नीट बांधली तर सुखरूप जाते, कारण तिचे घटक शेवटच्या क्षणी एकत्र यायचे असतात. उसळ आणि रस्सा घट्ट झाकणाच्या डब्यात, फरसाण कोरड्या पुडीत, कांदा-लिंबू वेगळे, आणि पाव गरम डब्याला न चिकटवता कागदात. पाव रश्श्याच्या डब्यावर ठेवला तर खालून ओला होतो, हे बांधणाऱ्याच्या लक्षात आणून दिले पाहिजे. पावभाजी, बिर्याणी, भरली वांगी, पुरणपोळी हे पदार्थ प्रवासाला काटक आहेत. पार्सलच्या यादीत त्यांना वरची जागा मिळायला हवी.

चवीच्या पुढचा प्रश्न सुरक्षिततेचा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे नियम सांगतात की गरम द्यायचे अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड द्यायचे ५ अंशांच्या खाली ठेवावे. या दोहोंमधल्या कोमट पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. भाताच्या बाबतीत हे विशेष सांगायला हवे. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात आणि त्यांचे एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. पार्सलची ऑर्डर आली की पटकन भरता यावा म्हणून सकाळचा भात संध्याकाळपर्यंत पातेल्यात ठेवणे हा म्हणूनच खरा धोका आहे. टेबलावरच्या गिऱ्हाइकाला वास आला तर तो वेटरला हाक मारतो आणि ताट बदलून मिळते. घरच्या गिऱ्हाइकाला ती सोय नाही. झाकणावर भरल्याची वेळ लिहिणे, भात दर दोन-तीन तासांनी नव्याने लावणे आणि कोशिंबीर, दही, सोलकढी गरम डब्यांपासून वेगळ्या पिशवीत देणे, या गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. डब्यांचेही तसेच. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्राने जुलै २०२२ मध्ये एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर बंधने आणली. वर्तमानपत्रात तळलेले पदार्थ बांधायला तर अन्नसुरक्षेच्या नियमांतच मनाई आहे, कारण छपाईची शाई तेलातून अन्नात उतरते. चांगला डबा महाग पडतो हे खरे आहे. त्याची किंमत पार्सलच्या दरात मोजूनच घालायला हवी, ती टेबलाच्या नफ्यातून गुपचूप भरू नये.

इथे दुसरा आक्षेप येतो. टेबलावर एक दर आणि पार्सलला दुसरा, ही गिऱ्हाइकाची फसवणूक नाही का? दर लपवून वाढवला तर आहे. उघडपणे मांडला तर नाही. टेबलावर बसणारा माणूस जागा, पंखा, पाणी, वाढपी यांचे मोल देतो. घरी मागवणारा डबा, कमिशन आणि फेरीचे मोल देतो. दोघांना मिळणारी सेवाच वेगळी आहे. स्वतः येऊन पार्सल नेणाऱ्याला मात्र ॲपचा दर लावू नये. त्याने फेरीचा खर्च स्वतः उचललेला असतो. दरांवर ॲपचे किती चालावे हा प्रश्न आता हॉटेलच्या काउंटरपुरता राहिलेला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शेकडो रेस्टॉरंट भरमसाट सवलतींच्या योजनांतून एकाच वेळी बाहेर पडली होती. नंतर नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाने २०२१ मध्ये झोमॅटो आणि स्विगी यांच्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. इतर ठिकाणी कमी दर लावू नये अशा स्वरूपाच्या अटी आणि काही रेस्टॉरंटना झुकते माप, हे त्यातले मुद्दे होते. या चौकशीचा अंतिम निकाल काहीही लागो, मालकाने करारातली दरांविषयीची, सवलतीतल्या वाट्याविषयीची आणि रद्द झालेल्या ऑर्डरचा भुर्दंड कोणावर पडतो याविषयीची कलमे सही करण्यापूर्वी वाचलीच पाहिजेत. ज्याला कलम कळत नाही त्याने तासाभराची फी देऊन जाणकाराला दाखवावे. ते पैसे पहिल्याच महिन्यात वसूल होतात.

ॲपच्या बाजूने केला जाणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद जाहिरातीचा आहे. गल्लीत आत असलेले हॉटेल लाखो लोकांच्या मोबाइलवर दिसते, नवे गिऱ्हाईक मिळते, नाव होते. यात तथ्य आहे आणि पुण्यातच त्याचा मोठा दाखला आहे. २००४ मध्ये रॅपच्या लहानशा दुकानापासून सुरू झालेल्या फासोसने पुढे बसण्याची दुकाने मागे टाकून फक्त घरपोच जेवणासाठी शिजवणारी स्वयंपाकघरे उभारली आणि आज रेबेल फूड्स या नावाने ती कंपनी एकाच स्वयंपाकघरातून अनेक नावांनी जेवण विकते. डॉमिनोजने १९९६ मध्ये भारतात पहिले दुकान उघडले तेव्हापासून मोजका मेनू, छोटा परिसर, प्रवासात तग धरणारा पदार्थ आणि खास बनवलेला डबा यांवर धंदा बांधला. हे दोन्ही दाखले पुष्कळदा घरपोच सेवेचे यश म्हणून सांगितले जातात. मला त्यांत वेगळी गोष्ट दिसते. दोघांनीही घरपोच सेवेला मुख्य धंद्याचा मान दिला, तिच्यासाठी जागा, पदार्थ आणि यंत्रणा वेगळी रचली. हमरस्त्यावरचे भाडे भरून, शंभर पदार्थांचे मेनूकार्ड जसेच्या तसे ॲपवर चढवून त्यांनी ते केले नाही. शिवाय जाहिरातीचा फायदा टिकण्यासाठी गिऱ्हाईक आपले व्हावे लागते. ॲपवर जेवण मागवणाऱ्याची ओळख बहुतांशी ॲपकडेच राहते. उद्या यादीत आपले नाव खाली गेले तर तो शेजारच्याकडे वळतो. म्हणून ॲपवरून आलेल्या पहिल्या ऑर्डरचे रूपांतर ओळखीत करणे हे मालकाचे काम आहे. चांगले जेवण हा त्याचा पाया आहे; त्याच्या जोडीला हॉटेलचे नाव ठळक दिसणारा डबा आणि जवळ राहणाऱ्यांना थेट दुकानात यावेसे वाटेल असा दर हवा. ऑनलाइन खरेदी-विक्रीसाठीच्या, २०२१ च्या अखेरीस नोंदणी झालेल्या ओएनडीसीसारख्या खुल्या जाळ्यामुळे आणखी एक वाट उघडली आहे. तिथल्या ऑर्डरी मोठ्या ॲपइतक्या नसल्या तरी सगळी भिस्त एका-दोघांवर न ठेवण्यासाठी ती धरून ठेवण्यासारखी आहे.

या सगळ्या हिशेबात ज्याचा उल्लेख सर्वांत कमी होतो तो म्हणजे पार्सल नेणारा मुलगा. त्याला बहुधा फेरीमागे पैसे मिळतात, म्हणून हॉटेलच्या दारात गेलेले प्रत्येक मिनिट त्याच्या कमाईतून कापले जाते. ऑर्डर तयार नसताना तयार असल्याचे बटण दाबणाऱ्या हॉटेलात तो वीस मिनिटे उभा राहतो, मग गेलेला वेळ भरून काढायला रस्त्यावर जीव धोक्यात घालतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अशा कामगारांची कायद्याने दखल घेतली गेली. त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या उलाढालीचा १ ते २ टक्के वाटा द्यावा, अशी तरतूद त्यात आहे. कायदा कंपनीला लागू आहे, पण हॉटेलमालकाच्या हातातही बरेच आहे. दाराशी एक बाक, प्यायला पाणी, स्वच्छतागृह वापरायची मुभा आणि खरी वेळ सांगणे, एवढे केले तरी त्याच्या दिवसात फरक पडतो. हे माणुसकीचे आहे आणि धंद्याचेही. गिऱ्हाइकाच्या दारात हॉटेलच्या वतीने उभा राहणारा तो एकमेव माणूस असतो. पिशवी सरळ धरायची की आडवी, रस्सा सांडला तर काय करायचे, हे सगळे त्याच्या हातात असते. ज्या हॉटेलात त्याला सन्मानाने वागवले जाते तिथले डबे जास्त जपून जातात, असे मानायला पुरेसे कारण आहे.

शेवटचा आक्षेप लहान हॉटेलवाल्याचा: हे सगळे मोठ्यांचे काम, आम्ही घाण्यावर उभे राहायचे की वह्या लिहायच्या? उलट लहान हॉटेललाच ही वही जास्त हवी, कारण मोठ्याला काही महिने तोटा सोसता येतो, लहानाला येत नाही. आणि त्याच्यासाठी ती सोपीही आहे. सगळा मेनू न चढवता प्रवासात टिकणारे आणि नफा राखणारे आठ-दहा पदार्थ निवडावेत. सुरुवातीला ॲप मान्य करेल तेवढा लहान परिसर ठेवावा आणि गर्दीच्या वेळा वगळून प्रारंभ करावा. दर आठवड्याला एका पानावर पाच ओळी लिहाव्यात: किती ऑर्डरी गेल्या, हाती आलेली रक्कम किती, त्यातून कच्चा माल आणि डबे वजा जाऊन किती उरले, किती ऑर्डरी रद्द झाल्या किंवा तक्रारीत गेल्या, आणि गर्दीच्या वेळी टेबलावरून किती गिऱ्हाइके परत गेली. पाचवी ओळ कुठल्याही ॲपच्या विवरणात येत नाही, ती दारातल्या माणसालाच नोंदवावी लागते आणि तीच सर्वांत बोलकी असते. तीन महिन्यांनी ही पाने समोर ठेवली की निर्णय आपोआप स्पष्ट होतो: कोणता पदार्थ काढायचा, कोणत्या तासाला सेवा बंद ठेवायची, दर किती वाढवायचा, थेट ऑर्डरींसाठी माणूस ठेवायचा का. कधी उत्तर असेही येईल की आपल्या हॉटेलला घरपोच सेवा परवडत नाही. गरम पुरी आणि ताजा तळलेला मासा हेच ज्याचे वैशिष्ट्य आहे त्याने आपली टेबले सांभाळावीत. त्यात कमीपणा नाही.

घरपोच जेवणाची मागणी आता ओसरणार नाही. शहरातली घरे लहान झाली, नवरा-बायको दोघेही कामाला जातात, म्हातारी माणसे एकटी राहतात. त्यांना तयार, चांगले, सुरक्षित जेवण दारात मिळणे ही मोठी सोय आहे. म्हणूनच हे जेवण कोण शिजवतो याला महत्त्व आहे. आपल्या परिसरातल्या खानावळींनी, मिसळवाल्यांनी, भाकरी-पिठले विकणाऱ्या बायकांनी ते काम हिशेबाने केले तर घरोघरी विविध हातांची चव पोचत राहील. त्यांनी ते टाळेबंदीतल्या सवयीने, विक्रीच्या आकड्याकडे पाहत केले तर एकेक करून ती दुकाने बंद होतील आणि फक्त दीर्घकाळ तोटा सोसू शकणारी मोठी स्वयंपाकघरे उरतील. घरपोच सेवा हॉटेलला जगवते की बुडवते याचे उत्तर कमिशनच्या टक्क्यांत जेवढे आहे, त्याहून जास्त मालकाच्या वहीत आहे. ती वही या आठवड्यात उघडता येते, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.